टोरंटोच्या हिवाळ्यात कढीपत्ता आणि लाल माठ: पांढऱ्या ग्रो लाइटचा अनुभव

इथे डिसेंबरात दिवस जेमतेम नऊ तासांचा, त्यातही आभाळ भरलेलं. कढीपत्त्याची कुंडी नुसती खिडकीत ठेवून भागत नाही. ऑक्टोबरअखेरीस 45 वॅटचा पांढरा फुल-स्पेक्ट्रम (सगळ्या रंगांचा प्रकाश देणारा) एलईडी ग्रो लाइट, म्हणजे झाडं वाढवायचा दिवा, घेतला. आता एप्रिल संपत आलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

याआधी माझ्याकडे फक्त निळा आणि लाल प्रकाश देणारा जांभळा दिवा होता. त्यामागचा विचार असा की हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश शोषतं, मग हिरवा द्यायचाच कशाला? पण हे ज्या आलेखांवरून म्हणतात, ते पानातून काढून द्रावकात विरघळवलेल्या हरितद्रव्याचे असतात. जिवंत पानात निळा-लाल प्रकाश बहुतेक वरच्या थरातच संपतो. हिरवा पेशींवर आपटत खोल शिरतो, आणि त्यातला बराचसा तिथे शोषला जातो. मॅक्री या शास्त्रज्ञांनी 1972 मध्ये 22 पिकांच्या पानांवरची मोजमापं प्रसिद्ध केली, त्यातही हिरव्या प्रकाशावर पानं चांगलं काम करताना दिसली.

पांढऱ्या दिव्याचा मला त्याहून मोलाचा वाटलेला फायदा म्हणजे पान खऱ्या रंगात दिसतं. जानेवारीत कढीपत्त्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हे लगेच लक्षात आलं. हे लोह कमी पडल्याचं लक्षण. हरितद्रव्याच्या रेणूत मध्यभागी मॅग्नेशियम असतं, लोह नसतं. पण लोहाशिवाय झाडाला ते बनवता येत नाही. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) दिल्यावर पुढची पालवी हिरवीगार आली. जांभळ्या उजेडात सगळीच पानं काळपट दिसतात, तिथे हे कळलंच नसतं.

खोक्यावरच्या लक्सवर जाऊ नका. लक्स हे माणसाच्या डोळ्याला किती उजेड दिसतो त्याचं माप आहे. झाडाच्या लेखी महत्त्व आहे ते 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीच्या फोटॉनच्या (प्रकाशकणांच्या) संख्येला. पांढऱ्या एलईडीच्या लक्सला ढोबळमानाने 70 ने भागलं की मायक्रोमोल मिळतात, म्हणजे दर चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणाऱ्या फोटॉनचं माप (दहा लाख मायक्रोमोल म्हणजे एक मोल). माझ्याकडे 30 सेंमीवर 14,000 लक्स, म्हणजे सुमारे 200 मायक्रोमोल. रोज 14 तास लावला की दिवसाला 10 मोल. मेथी-कोथिंबिरीला तेवढं छान पुरलं.

फेब्रुवारीत दिवा 15 सेंमीवर आणून पाहिला, तर कढीपत्त्याची वरची पानं फिकट पडली. पानातली कॅरोटिनॉइडं (पिवळी-नारिंगी रंगद्रव्यं) जास्तीची ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून द्यायला मदत करतात, पण मंद उजेडाला सरावलेल्या पानात ही तयारी कमी असते. दिवा दर आठवड्याला थोडाथोडाच खाली आणावा.

लाल माठाने मात्र मन जिंकलं. दिव्याच्या अगदी खालची रोपं गर्द लाल, कडेची हिरवट. तो लाल रंग बीटासारख्याच बीटालेन या रंगद्रव्याचा, आणि तो अन्न तयार करत नाही. भाजी उकडली की लाल रंग पाण्यात उतरतो आणि पानात लपलेला हिरवा दिसू लागतो. सगळं काम करणारा तोच.

तक्रार दोनच. वीज गेली की टायमर सगळं विसरतो, आणि क्लॅम्प हलका असल्याने दिवा हळूहळू झुकतो. विजेचा खर्च महिन्याला साधारण 19 युनिट. मिरची किंवा टोमॅटो लावायचे असतील तर हा घेऊ नका. त्यांना चांगली फळं धरायला दिवसाला 20 मोलच्या पुढे प्रकाश लागतो.