डोंबिवलीतलं घरगुती पाळणाघर: १४ महिन्यांचा अनुभव आणि ४,५०० रुपयांचा हिशोब

गेल्या वर्षी जुलैत लेकीला पाळणाघरात ठेवायला लागले तेव्हा ती १ वर्ष २ महिन्यांची होती. त्याआधी माझी आई चिपळूणहून येऊन राहिली होती. तिचे गुडघे बोलायला लागले आणि मला १५ दिवसांत सोय शोधावी लागली. आता १४ महिने पूर्ण झालेत. पाळणाघर चालवणाऱ्या काकूंचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. डोंबिवली पूर्वेला आमच्यापासून दोन बिल्डिंग सोडून त्यांचा वन बीएचके आहे, एवढं पुरे.

हे लिहायला बसले कारण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक मेसेज आला: "१० महिन्यांच्या बाळासाठी घरगुती पाळणाघर हवे. सकाळी ७.३० ते रात्री ८. जेवण ताजे, घरचे. मुले कमी असावीत. टीव्ही नको. कॅमेरा हवा. बजेट ३,००० ते ३,५००." चौदा महिन्यांपूर्वी मीही जवळजवळ हाच मेसेज टाकला होता, फक्त माझं बजेट ४,००० होतं.

काकूंनी ४,५०० सांगितले. मी म्हटलं, थोडं कमी होईल का? त्या म्हणाल्या, "अगं, डबा तुझा, दूध तुझं, मग बघू." शेवटी ४,५००च ठरले, पण दुपारचं खाणं आणि संध्याकाळचं दूध त्यांच्याकडून. म्हणजे घासाघीस करून मी उलट जास्त पदरात पाडून घेतलं, आणि घरी येऊन नवऱ्याला आनंदाने सांगितलं.

पहिले चार महिने मी सगळ्यांना सांगत होते की नशीब काढलं. लेक आठवड्याभरात रुळली. काकूंच्या हातचा मऊ मुगाचा भात ती वाटीभर खायची, घरी मात्र तोंड फिरवायची. ऑगस्टमध्ये पाऊस झाला, कुर्ला-शीव भागात रुळांवर पाणी आलं आणि लोकल बंद पडल्या. मी दादरहून निघाले ती घरी पोचले रात्री सव्वादहाला. नवरा पुण्यात होता. काकूंनी लेकीला जेवू घालून, अंग पुसून, स्वतःच्या नातवाचं जुनं झबलं घालून झोपवलं होतं. नियमाप्रमाणे साडेसातनंतर दर अर्ध्या तासाला ५० रुपये होते. त्यांनी मागितले नाहीत आणि मी दिले नाहीत. मी "थँक्यू काकू, तुम्ही होतात म्हणून" म्हटलं आणि झोपलेल्या मुलीला खांद्यावर टाकून निघाले. आज ते आठवलं की वाईट वाटतं, कारण त्या रात्री एखाद्या टॅक्सीवाल्याने मागितले असते तेवढे मी दिले असते.

डिसेंबरात एक दिवस दाताच्या डॉक्टरकडे जायचं म्हणून हाफ डे टाकला आणि तीनच्या सुमाराला न सांगता लेकीला घ्यायला गेले. जाळीचं दार नुसतं लोटलेलं होतं. सतरंजीवर पाच मुलं आडवी झोपली होती. शाळेतून आलेली दोन मोठी मुलं आवाज बंद केलेल्या टीव्हीसमोर बसली होती. माझी लेक जागी होती, कपाटाच्या पायाशी एकटीच, रडत नव्हती, नुसती बसली होती. डायपर जड होऊन लोंबत होतं. सकाळी घालताना त्याची डावीकडची पट्टी फाटली होती म्हणून मी कागदी चिकटपट्टी लावली होती. ती चिकटपट्टी तशीच होती. सकाळी पावणेआठचं डायपर दुपारी तीनला.

काकू ओट्यापाशी पोळ्या लाटत होत्या. स्वयंपाकघराच्या दारातल्या झोळीत सहा महिन्यांचं एक बाळ होतं. ते कुरकुरलं की त्या तशाच पिठाच्या हाताने झोका द्यायच्या आणि परत तव्याकडे वळायच्या. झोळीच्या साडीवर पिठाचे पंजे उमटले होते. मदतीच्या मावशी तीन दिवस आल्या नव्हत्या. पोळ्या विकायच्या होत्या. रोज संध्याकाळी ४० पोळ्यांची ऑर्डर, आणि त्या लाटायची वेळ म्हणजे मुलं झोपतात ती.

मी त्या दिवशी काही बोलले नाही, मुलीला उचललं आणि निघाले. घरी येऊन खूप रडले. रात्री आम्ही दोघांनी ठरवलं की बस्स, उद्यापासून दुसरं बघायचं.

बघितलं. स्टेशनच्या पलीकडे एक नावाजलेल्या साखळीतलं डे-केअर आहे. महिना १६,५००, प्रवेशाचे १०,००० वेगळे, जेवण वेगळं. साडेसहाला बंद, पुढे अर्ध्या तासाला २०० रुपये. माझी गाडी डोंबिवलीला ७ वाजून ५ मिनिटांनी येते, तीही वेळेवर असली तर. म्हणजे रोजचे निदान ४०० रुपये. ब्यूरोमधून घरी बाई ठेवायची तर १८,००० आणि एक महिन्याचं कमिशन, शिवाय दिवसभर बंद घरात मूल आणि अनोळखी बाई. २०१६मध्ये खारघरच्या पाळणाघरात बाळाला मारहाण केल्याचं सीसीटीव्ही चित्रण बाहेर आलं होतं, तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, पण ते दृश्य डोक्यातून गेलेलं नाही.

सरकारी सोयही बघितली. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनंतर मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं. आमच्या ऑफिसात ३८ माणसं आहेत. आणि समजा ५० असती, तरी दीड वर्षाच्या पोरीला सकाळच्या फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात दादरपर्यंत कोण नेणार? हा कायदा करताना मूल ऑफिसपर्यंत पोचणार कसं हे कुणी धरलेलंच नाही असं मला वाटतं. केंद्र सरकारच्या 'मिशन शक्ती'तली 'पाळणा' योजना ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलांसाठी आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं अशी त्यात तरतूद आहे. आमच्या अंगणवाडीच्या ताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आमच्याकडे दुपारपर्यंतच, मॅडम."

मग मी तो हिशोब केला जो पहिल्याच दिवशी करायला हवा होता. सकाळी ८ ते संध्याकाळी ७.३०, साडेअकरा तास. महिन्याला २६ दिवस. २९९ तास. ४,५०० भागिले २९९, म्हणजे तासाला १५ रुपये. स्टेशनवरून घरी येताना शेअर रिक्षात एका सीटला मी १५ रुपये देते. त्यात १० मिनिटं बसायला मिळतं. इथे १५ रुपयांत तासभर माझं मूल सांभाळायचं, त्याला भरवायचं, धुवायचं, झोपवायचं, आणि वर दूधही त्यांचंच.

रविवारी आम्ही दोघं काकूंकडे गेलो. मी डायपरबद्दल बोलले, स्पष्ट बोलले. त्यांनी एकदाही कारण दिलं नाही. "चुकलं माझं," म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावला. मग मी विचारलं, "काकू, पोळ्या का लाटता?" त्यांनी फ्रिजवरची वही काढून माझ्या हातात दिली.

वही मी नीट वाचली. नऊ मुलं. पूर्ण दिवसाची चार, प्रत्येकी ४,५००. संध्याकाळी सहापर्यंतची दोन, ३,५००. शाळेनंतरची तीन, २,५००. बेरीज ३२,५००. त्यातून मावशींना ५,०००, दूध-खाऊ-भाजी ३,५००, गॅस आणि वीज २,५००. मुलांची ये-जा होते म्हणून सोसायटीने लावलेला जादा मेंटेनन्स १,०००. फिनेल, साबण, फुटलेली खेळणी ५००. उरले २०,०००. पण वहीत काही नावांसमोर लाल पेनाने गोल होते: दोन महिने थकलेले, "पुढच्या पगाराला देतो", दिवाळीत आठ दिवस मूल आलं नाही म्हणून कापून घेतलेले. सरासरी महिन्याला ६,००० तरी हातात येतच नव्हते. म्हणजे १४,०००. सकाळी ७.३० ते संध्याकाळी ७.३०, २६ दिवस, ३१२ तास. तासाला ४५ रुपये, नऊ मुलांचे मिळून.

पोळ्यांचे आटा, तेल, गॅस जाऊन ५,००० सुटत. काकूंच्या नवऱ्याची कंपनी बंद पडली त्याला तीन वर्षं झाली होती. पोळ्या नसत्या तर घर चाललं नसतं, आणि पोळ्या होत्या म्हणून माझ्या मुलीचं डायपर सात तास तसंच राहिलं.

इथे मला एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. काकू फसवत नव्हत्या. ४,५०० रुपयांत एका बाईने फक्त तीन-चार मुलं सांभाळणं शक्यच नाही, हे गणित कुणालाही करता येतं. दर कमी असेल तर मुलं जास्त असणार, किंवा दुसरं काम असणार, किंवा दोन्ही. आम्ही सगळे पालक ते न बघता दर बघत होतो, आणि वर "काकू प्रेमाने करतात" म्हणत होतो. त्या प्रेमाने करतात हे खरंच आहे. म्हणूनच तर कुणी पैशांचं बोलत नव्हतं.

पूर्ण दिवसाच्या बाकी तिन्ही घरांना मी फोन केले. एक जण म्हणाले, "त्या मागत नाहीत तर तुम्ही का वाढवताय?" दुसऱ्या घरातली मुलगी, तीही माझ्यासारखीच रोज लोकलने जाणारी, फोनवर एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली, "मला पण डायपर रॅश दिसत होता गं, मी बोलले नाही, काढून टाकलं तर जाऊ कुठे?"

जानेवारीपासून नवीन सोय सुरू झाली. पूर्ण दिवसाचे ७,५००, शाळेनंतरच्या मुलांचे ३,५००. एका वेळी सहाच मुलं, चार लहान आणि दोन शाळेची. फी ५ तारखेपर्यंत, आगाऊ. आम्ही रजा घेतली तरी फी पूर्ण. काकूंना गणपतीचे पाच आणि दिवाळीचे पाच दिवस सुट्टी, त्याचेही पैसे कापायचे नाहीत. साडेसातनंतर अर्ध्या तासाला १०० रुपये आणि ते त्याच दिवशी द्यायचे. गाड्या बंद पडल्या तरी द्यायचे, कारण गाडी काकूंनी बंद पाडलेली नसते. हे सगळं काकूंच्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि खाली प्रत्येक घरातून एकेकाने सही केली. "सही कशाला, घरचीच माणसं," म्हणत काकू संकोचत होत्या. मी म्हटलं, घरच्या माणसांनीच तुमचे सहा-सहा हजार ठेवून घेतले होते.

"त्या मागत नाहीत" म्हणणारे गृहस्थ मुलाला काढून गेले. पश्चिमेला ४,००० मध्ये मिळालं म्हणे. त्यांच्या जागी आलेल्या घराला पहिल्याच दिवशी वहीचं पान दाखवलं, आणि त्यांनी मुकाट्याने सही केली. आता महिन्याला चार पूर्ण आणि दोन अर्धे मिळून ३७,००० येतात, आणि येतात म्हणजे खरोखर येतात. पोळ्या फेब्रुवारीत बंद झाल्या.

फरक? डायपर दिवसातून चारदा बदललं जातं, वेळ टाकलेली असते. दुपारी काकू मुलांजवळ आडव्या होतात. लेकीला आता "ये रे ये रे पावसा" पाठ आहे आणि ती मला म्हणायला लावते. मे महिन्यात शाळा बंद होत्या, तेव्हा जुन्या ओळखीच्या दोघांनी "महिनाभर दोन मुलं घ्या" म्हणून खूप धरलं. काकूंनी वही दाखवली. त्यांनी स्वतः नाही म्हटलं, आमच्यापैकी कुणालाही बोलावं लागलं नाही.

जे अजून बरोबर नाही तेही सांगते. काकू आजारी पडल्या तर पर्याय नाही. मार्चमध्ये त्यांना ताप आला तेव्हा सलग तीन दिवस आम्ही दोघांनी आळीपाळीने रजा काढली. कॅमेरा नाही. आम्ही बसवून द्यायला तयार होतो, पण त्याच घरात त्यांची सासू अंथरुणावर आहे, आणि काकूंचं म्हणणं मला पटलं. टीव्ही पूर्ण बंद झालेला नाही, शाळेच्या मुलांसाठी तासभर लागतोच. जागा लहान आहे. परवाना, नोंदणी असलं काही नाही, आणि आजवर त्यांना कुणी विचारलेलंही नाही. कागदावर सगळं हवं असेल तर हे तुमच्यासाठी नाही.

आणि ७,५०० हेसुद्धा तासाला २५ रुपयेच होतात. आमच्या घराला ते जड जातात. ईएमआय आहे, सासऱ्यांची औषधं आहेत. त्यासाठी आम्ही गाडी घेणं पुढे ढकललं. पण मुलीला तासाला १५ रुपयांत सोडून जायला आता माझं मन धजत नाही.

ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्या त्या आईला मी वेगळा फोन केला. रागावले नाही, तिची अडचण मला माहीत आहे. एवढंच सांगितलं की कुठेही बघायला गेलीस तर दुपारी तीनला जा, सकाळी नको. किती मुलं आहेत ते स्वतः मोज. बाई दुसरं काय काम करतात ते विचार. आणि त्यांनी सांगितलेल्या रकमेला तासांनी भाग. ती म्हणाली, "भागून बघते." संध्याकाळी तिचा मेसेज आला: "९ रुपये."

काकूंनी काल सांगितलं की भाचीच्या लग्नाला चार दिवस कोल्हापूरला जायचंय, पुढच्या महिन्यात. सांगताना पूर्वीसारख्या ओशाळल्या नाहीत, वहीत तारखा लिहून ठेवल्या होत्या. पहिले दोन दिवस मी रजा टाकली आहे, पुढचे दोन दिवस नवरा घरी थांबेल. फी नेहमीप्रमाणे ५ तारखेला जाईल, पूर्ण.