नोटिशीच्या 30 दिवसांत भरावं, की रेंट कंट्रोलरकडे जमा करावं?

थकलेलं भाडं भरून घर किंवा दुकान वाचवायची संधी गोव्यातल्या भाडेकरूला दोनदा मिळते. एक, मालकाची रजिस्टर नोटीस आल्यापासूनचे 30 दिवस. दुसरी, मालकाने रेंट कंट्रोलरकडे, म्हणजे भाड्याचे वाद ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जागा खाली करून घेण्याचा अर्ज टाकल्यानंतर तिथे पैसे जमा करून बाजू लढवायची. ‘अर्ज तर करू दे, मग बघू’ म्हणणारे बरेच असतात. पैसे शेवटी तेवढेच जाणार, हा त्यांचा हिशेब. तो तितकासा बरोबर नाही.

मराठीत शोधलं की 90 दिवसांची मुदत आणि 15 टक्के व्याज ही माहिती आधी समोर येते. ती महाराष्ट्राच्या 1999 च्या कायद्याची. पत्रादेवीचा नाका ओलांडला की तिचा उपयोग नाही. आपल्याकडे 1968 चा भाडे नियंत्रण कायदा. त्याच्या कलम 22 प्रमाणे एकूण तीन महिन्यांचं भाडं थकलेलं असेल आणि नोटिशीनंतर 30 दिवसांत ते दिलं किंवा देऊ केलं नाही, तर मालकाला घर खाली करून मागता येतं. शेतीचं कूळ आणि मुंडकार (भाटकाराच्या जमिनीतल्या घरात राहणारा) यांचे कायदे वेगळे. अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स असलेल्यांनी या दोन्ही वाटांवर भिस्त ठेवू नये. हा कायदा लागू नसलेल्या भाडेपट्ट्याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 114 आहे खरं; पण तिथे थकबाकी, व्याज आणि दाव्याचा पूर्ण खर्च मोजूनही सवलत देणं न देणं न्यायालयाच्या हाती.

पहिल्या वाटेत मुदत मोजण्यातच बरेच जण फसतात. नोटीस मिळाल्याचा दिवस सोडून मोजायचं: 5 जूनला मिळाली तर 5 जुलै शेवटचा. पोस्टमनला ‘घेत नाही’ म्हणून परत पाठवलं तरी घड्याळ सुरू होतं, त्यामुळे नोटीस नाकारण्यात काहीच फायदा नाही. दुसरी चूक रकमेची. मागणी फुगवलेली वाटली म्हणून आपल्या हिशेबाने कमी भरणं धोक्याचं. फरकाची रक्कम मोठी नसेल तर ‘हक्क राखून’ असं लिहून पूर्ण भरावी आणि वाद नंतर घालावा. भाडेवसुलीच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची, म्हणून दहा वर्षांपूर्वीची बाकी नोटिशीत घातली असेल तर मात्र ती वकिलाला दाखवावी. अनामत रकमेतून वळती होईल असं गृहीत धरू नये. तसं लेखी ठरलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

बँकेतून पाठवताना शेऱ्यात महिने लिहावेत: ‘जानेवारी ते एप्रिल भाडं’. ही बारीक गोष्ट फार महत्त्वाची आहे. करार कायद्याप्रमाणे पैसे कशापोटी हे देणाऱ्याने सांगितलं आणि घेणाऱ्याने ते घेतले, तर त्याच खात्यात धरावे लागतात; काहीच सांगितलं नाही तर घेणारा ते मुदत उलटलेल्या जुन्या बाकीतही वळवू शकतो, आणि चालू महिने कागदावर थकलेलेच राहतात. मालक खात्याचा नंबर देत नसेल तर डिमांड ड्राफ्ट, सोबत हिशेबाचं पत्र, आणि तो पोचल्याची सही मिळेल अशा टपालाने. पाकीट ‘नाकारलं’ शेरा मारून परत आलं तर ते फोडू नये. पैसे देऊ केल्याचा तोच पुरावा. ड्राफ्ट तीनच महिने चालतो, तेव्हा त्याची तारीख लक्षात ठेवून नवा करून घ्यावा. हे सगळं विसाव्या दिवसापर्यंत उरकावं, कारण टपाल उशिरा पोचलं तर तो वाद आपल्या गळ्यात.

आता दुसरी वाट. तिची बाजूही आहे: रक्कम खरोखरच वादाची असेल, मालक कुठल्याच मार्गाने पैसे घेत नसेल, किंवा मालक वारला आणि चार वारस चार दिशांनी भाडं मागत असतील, तर कंट्रोलरकडे पैसे भरल्याचं चलन हा सगळ्यात स्वच्छ पुरावा. पावतीची भीक मागावी लागत नाही.

पण कलम 32 वाचलं की माझा उत्साह ओसरतो. प्रकरण लढवायचं तर जमा करण्याच्या दिवसापर्यंतची सगळी थकबाकी भरावी लागते, नुसती नोटिशीतली नव्हे. आणि मग प्रकरण संपेपर्यंत पुढचं प्रत्येक भाडं वेळेवर. खरी कटकट इथे आहे. सुनावण्या वर्षानुवर्षं लांबतात, साहेबांची बदली होते, तारखा पडत राहतात, आणि आपलं महिन्याचं चलन मात्र थांबता कामा नये. पावसाळ्यात धंदा बसला म्हणून दुकानदाराने एक महिना मागे-पुढे केला, आणि त्याचं पुरेसं कारण दाखवता आलं नाही, तर कंट्रोलर पुढची सुनावणी थांबवून ताबा देण्याचा हुकूम करतो. बाजू कितीही खरी असो, ती ऐकलीच जात नाही. अपिलात प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे गेलं तरी भाडं भरत राहणं सुटत नाही. शिवाय जमा केल्याने लढायचा हक्क टिकतो एवढंच धरून चालावं. त्याने अर्ज आपोआप फेटाळला जाईल या भरवशावर राहू नये.

म्हणून मी 30 दिवसांची वाट धरली, आणि तुमच्याकडे पैशांची जुळवाजुळव होण्यासारखी असेल तर तीच सुचवेन, मग त्यासाठी सोसायटीचं कर्ज काढावं लागलं तरी. मुदतीत पूर्ण भरलं की थकबाकीचं कारण उरत नाही. पोटभाडेकरू ठेवल्यासारखी बाकीची कारणं अर्थात मालकाला मोकळी राहतात. तुमचा मालक पैसे घेऊन पावती न देणारा असेल तर रोख एक रुपयाही देऊ नका. आणि दुसरी वाट पत्करावीच लागली, तर दर महिन्याच्या चलनाची एक प्रत वकिलाकडे आणि एक घरी, असं पहिल्या महिन्यापासून ठेवा.