वर्षात अख्खं बायबल, की आधी एकटा मार्क?

दृढीकरण (आपला विश्वास मंडळीसमोर पक्का करण्याचा विधी) झालेली मुलं, नुकतेच प्रभूकडे आलेले विश्वासू, आणि वर्षानुवर्षं मंडळीत बसूनही घरी शास्त्र न उघडणारे आपण बरेच जण, सगळे एकाच ठिकाणी अडतो: वाचायचं ठरवलंय, पण कसं? एक सल्ला मिळतो की वर्षभरात सगळं बायबल वाचून काढ. दुसरा म्हणतो, एक पुस्तक घे, समजा मार्कने सांगितलेली येशूची कथा, आणि त्यातच मुरत राहा. तिसरी वाट रोजच्या एका वचनाची. ती हल्ली मोबाइलवर न मागता येते.

वर्षाच्या योजनेचा हिशोब सोपा आहे. प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं आणि १,१८९ अध्याय आहेत, म्हणजे रोज तीन-चार अध्याय. वीस मिनिटं ते अर्धा तास धरा. उत्पत्तीपासून सरळ निघालात तर सुरुवातीचे आठवडे मजेत जातात: अब्राहाम, याकोब, योसेफ, तांबडा समुद्र. मग निर्गम या दुसऱ्या पुस्तकाच्या २५व्या अध्यायापासून निवासमंडपाच्या, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूच्या, फळ्या, कड्या आणि पडदे सुरू होतात, आणि जानेवारी संपता संपता यज्ञ आणि शुद्धीच्या नियमांचं लेवीय हे पुस्तक समोर उभं राहतं. बहुतेकांची गाडी इथेच रुतते.

रॉबर्ट मरे मॅकचेन या स्कॉटिश पाळकाने १८४२ साली डंडीतल्या आपल्या मंडळीला दिलेल्या योजनेत ही अडचण बरीच कमी होते. तिच्यात चार रांगा एकदम चालतात. १ जानेवारीला उत्पत्ती, मत्तय, एज्रा आणि प्रेषितांची कृत्ये, चौघांचाही पहिला अध्याय. दोन कुटुंबात वाचायचे, दोन एकांतात. वर्षअखेर जुना करार एकदा होतो, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. पण मला मॅकचेनचं कौतुक वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. योजना देतानाच त्याने तिचे धोकेही लिहून दिले: नुसता उपचार उरणं, स्वतःच्या धार्मिकपणाची घमेंड, निष्काळजी वाचन आणि झेपणार नाही असं जू. पावणेदोनशे वर्षं उलटली तरी त्या यादीत भर घालावी असं काही सापडत नाही. चार दिवस तापात गेले की सोळा अध्याय थकतात, आणि थकबाकी फेडायला वाचलेल्या अध्यायातलं संध्याकाळी काही आठवत नाही.

आता दुसरी वाट. येशूची कथा सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत मार्ककृत शुभवर्तमान सगळ्यांत छोटं, १६ अध्यायांचं. रोज दहा-बारा वचनं घेतली तर दोन-सव्वादोन महिन्यांत होतं. उतारा दोनदा वाचायचा, शक्यतो मोठ्याने. कोण, कुठे, कुणाला काय म्हणतो ते वहीत टिपायचं. मार्कने हे इथेच का सांगितलं असेल, हे स्वतःला विचारायचं, आणि आज मी काय करायचं, हे शेवटी.

एक नमुना देतो. आठव्या अध्यायात बेथसैदाचा आंधळा येतो. येशू त्याला हात धरून गावाबाहेर नेतो, डोळ्यांना थुंकी लावतो, हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतं का? त्याला माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. येशू पुन्हा हात ठेवतो तेव्हा कुठे स्पष्ट दिसायला लागतं. भराभर वाचणारा आणखी एक चमत्कार मोजून पुढे जातो. पण लगेच खाली पेत्र हा शिष्य येशूला 'तू ख्रिस्त आहेस' म्हणतो आणि चार वचनं होत नाहीत तोच त्या ख्रिस्ताला दुःखाची भाषा बोलल्याबद्दल दटावतो. दिसलं, पण झाडांसारखं! पुढच्या दोन अध्यायांत येशू आपल्या मरणाविषयी आणखी दोनदा सांगतो. एकदा शिष्य आपल्यात मोठा कोण यावर वाद घालतात, आणि नंतर याकोब-योहान हे दोघे भाऊ येशूच्या उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागतात. 'मी तुमच्यासाठी काय करावं?' असं येशूने त्या दोघांना विचारलेलं असतं. पंधरा वचनांनी यरीहोच्या रस्त्यावर आंधळ्या बार्तीमयलाही तो तेच विचारतो. भाऊ जागा मागतात, भिकारी दृष्टी मागतो, आणि दृष्टी मिळताच त्या वाटेने येशूच्या मागे निघतो. शिष्याने कसं असावं हा सगळा धडा मार्कने दोन आंधळ्यांच्या मधोमध बसवलाय. तो हाती लागायला या भागात दहा-बारा दिवस मुक्काम करावा लागतो. योजनेत तो एका दिवसात मागे पडतो.

मात्र मार्क एकटा पुरत नाही. मंदिरात येशूने उच्चारलेले 'प्रार्थनेचं घर' आणि 'लुटारूंची गुहा' हे शब्द यशया ५६ आणि यिर्मया ७ मधले आहेत. महायाजकापुढचं येशूचं उत्तर दानीएल ७ वाचल्याशिवाय कळत नाही, आणि वधस्तंभावरची त्याची आरोळी ही २२व्या स्तोत्राची सुरुवात आहे. ज्या लेवीयात गाडी रुतते त्याच्या १६व्या अध्यायाशिवाय इब्री लोकांस पत्राचा नववा अध्यायही नीट उलगडत नाही. एकांतात मुरणाऱ्याला आणखी एक खोड लागते, स्वतःला हवा तोच अर्थ काढायची. प्रेषितांच्या कृत्यांत यशया वाचणाऱ्या कूशी अधिकाऱ्याने अर्थ समजून घ्यायला फिलिप्पाला रथात बसवून घेतलं होतं. तुम्हीही आठवड्यातून एकदा कुणासमोर तरी वही उघडा.

रोजच्या वचनाची परंपरा जुनी आहे. मोरेव्हियन ही प्रॉटेस्टंट मंडळी १७३१पासून अशी वचनं छापत आली आहे. जुन्या करारातलं वचन चिठ्ठी टाकून निघतं, त्याला जुळणारं नव्या करारातलं जोडतात. धावपळीच्या सकाळी हा घास चांगला, पण जेवण म्हणून अपुरा. यिर्मया २९:११ फुलांच्या चित्रावर छापून येतं, देवाचे संकल्प हिताचे म्हणून. वरच्याच वचनात बाबेलच्या बंदिवासाची ७० वर्षं आहेत, ती चित्रावर नसतात.

कॅथलिक वाचकांना, वसईकरांना तर वेगळं सांगायला नको, मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, वाचनांमुळे निम्मी निवड आयती झालेली असते: रविवारी तीन वर्षांच्या चक्रात मत्तय, मार्क, लूक आळीपाळीने. मग रविवारचाच उतारा आठवडाभर घरी घ्यावा.

बाकीच्यांसाठी माझं मत असं: शास्त्र पहिल्यांदाच हातात घेत असाल तर मार्कपासून सुरुवात करा आणि १ जानेवारीची वाट बघू नका. वर्षानुवर्षं उपदेश ऐकूनही जुना करार तुकड्यातुकड्यांनीच माहीत असेल, तर योजना घ्या, पण मॅकचेनच्या दोनच रांगा यंदा आणि उरलेल्या दोन पुढच्या वर्षी. दिवसाला दोन अध्याय पडतात. चुकलेले दिवस भरून काढू नका, त्या तारखेचा अध्याय उघडा आणि पुढे चला.