नाशिकच्या शरणपूर रोडवरचं मनी चेंजर, थायलंडला जायच्या आधीचा आणि नंतरचा अनुभव

आईबाबांना घेऊन थायलंडला जायचं होतं, पहिलीच परदेशवारी त्यांची. आधी आमच्या बँकेत गेलो तर बाट (थायलंडचं चलन) नाहीतच म्हणे, डॉलर पाहिजेत तर अर्ज द्या आणि दोन दिवसांनी या. मग ऑफिसातल्या एकाने हे परदेशी पैसे बदलून देणारं दुकान सांगितलं. पासपोर्ट, पॅन, तिकीट एवढंच मागितलं, वीस मिनिटांत काम झालं. 12,000 बाट 2.75 रुपयांनी आणि 300 डॉलर 88 रुपयांनी, म्हणजे 59,400 झाले, वर जीएसटी फक्त 107. मी रोख घेऊन गेलेलो पण रोख 50 हजारांच्या आतच चालते त्यामुळे खात्यातून पाठवावे लागले, हे फोनवर विचारलं तेव्हाच सांगायला हवं होतं.

पण मला आवडलं ते काउंटरवरच्या काकांचं बोलणं. मी सगळेच बाट द्या म्हटलं तर तेच म्हणाले अहो एवढे नका घेऊ, थोडे डॉलर न्या, 100 च्या कोऱ्या नोटा देतो, तिकडे छोट्या नोटांना रेट कमी मिळतो आणि फाटकी किंवा पेनाने लिहिलेली नोट परत करतात. स्वतःचं गिऱ्हाईक कमी करून कोण सांगतं हो असं! एअरपोर्टवर बदलू नका, शहरात बदला, पासपोर्ट जवळ ठेवा हेही त्यांनीच सांगितलं, आणि बँकॉकमध्ये दोन्हीकडचे बोर्ड बघितले तर फरक खरंच बराच होता.

एटीएमचं पण त्यांचं ऐकलं म्हणून वाचलो. फुकेतला कार्ड टाकलं की मशीन विचारतं रुपयांत कापू का, आकडा समोर दिसतो म्हणून बाबा हो म्हणायला निघालेले, पण त्यात मशीनवाल्यांचा स्वतःचा रेट लागतो, आपण ते नाकारून बाटमध्येच कापायला सांगायचं. तरी आम्हाला दर वेळेला 220 बाट चार्ज बसलाच, मग हजार काढा नाहीतर दहा हजार. मी पहिल्यांदा 2,000 च काढले, ते चुकलंच.

आल्यावर 3,000 बाट उरले ते इथेच परत दिले, 2.50 ने घेतले, म्हणजे 750 रुपये गेले, याचं जरा वाईट वाटलं. उरलेले 100 डॉलर मात्र नाही दिले, 2,000 डॉलरपर्यंत घरी ठेवता येतात, पुढच्या वेळेला होतील.

पार्किंगचे हाल आहेत, बाबा गाडीतच बसून राहिले, आणि शनिवारी दुपारनंतर बंद असतं. बहीण सिंगापूरला चाललीय, तिला इथेच पाठवतोय, फक्त आदल्या दिवशी फोन करून सिंगापूर डॉलर आहेत का विचारून जा म्हटलंय.