लातूर, गंजगोलाईजवळचं टीव्ही रिपेअरिंगचं दुकान: पॅनल गेलं म्हणलेला टीव्ही केबल बदलून क्लिअर झाला

ज्यांच्या घरी मोठा टीव्ही घेतल्यापासून चित्र दाणेदार, भुरकट दिसायलंय त्यांनी पॅनलवर म्हणजे पडद्यावर पैसे घालायच्या आधी हे वाचा. दुकान गंजगोलाईजवळच्या गल्लीत हाय, मालकाला सगळे मामाच म्हणतात, नाव नेटवर टाकू नको म्हणले म्हणून टाकत नाही. बाहेर जुने पिक्चर ट्यूबचे टीव्ही एकावर एक रचलेत, विचारलं की कुणीबी दाखवतं.

आमचा टीव्ही 43 इंची फोरके, आणि बातम्या लावा नाहीतर मॅच, माणसांच्या तोंडावर नुसत्या मुंग्या. आधी जो सर्व्हिसवाला आला त्यानं उभ्या उभ्याच बघितलं, पॅनल गेलं म्हणला आणि टीव्हीच्या निम्म्या किमतीचा खर्च सांगून गेला, अण्णा तर म्हणायले आपला जुना डबाच बरा होता.

मामांचं मला काय आवडलं तर त्यांनी पेचकस काढलाच नाही. खुर्ची ओढून बसले, रिमोट घेतला आणि आधी टीव्हीतल्याच यूट्यूबवर एक एचडी व्हिडिओ लावला, तो एकदम स्वच्छ. म्हणले पॅनल खराब असतं तर इथंबी दाणे दिसले असते की ओ. मग बातम्यांचं चॅनल लावून मला जवळ बोलावलं, खालच्या लाल पट्टीवरच्या अक्षरांच्या कडेकडेनं बारीक ठिपके सरकत होते, बोट ठेवून दाखवलं आणि म्हणले मागं पिवळी पिन असणार. खरंच होती! सेटटॉप बॉक्स एचडी, पॅक एचडी, दर महिन्याला एचडीचे पैसे चाललेत आणि फिटिंगवाल्यानं लाल-पांढरी-पिवळी वायर लावून दिलेली. त्या पिवळ्या वायरीतून एचडी जातच नाही, रंग आणि उजेड दोन्ही एकाच तारेतून येतात, टीव्हीला ते नीट वेगळे करता येत नाहीत म्हणून ते सरकणारे ठिपके. ह्याचा मला लई राग आला, कारण असं फिटिंग किती घरात असेल आणि लोक टीव्हीला नावं ठेवत बसले असतील.

एचडीएमआय केबल त्यांनी साधीच लावली, महागडी मागितली तर देईनात, म्हणले ह्या कामाला साधी चालते, महागानं चित्र जास्त क्लिअर होत नसतं. बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन 1080 म्हणजे फुल एचडी केलं. टीव्हीचा पिक्चर मोड विविड होता तो स्टँडर्डवर आणला आणि शार्पनेस शेवटपर्यंत चढवलेला होता तो बराच खाली घेतला, तो वाढवला की चित्र साफ होत नाही उलट दाणे उठून दिसतात, हे आपल्याकडं कुणी सांगतच नाही.

तरी साधे एसडी म्हणजे एचडी नसलेले चॅनल थोडे मऊ दिसतातच आणि ते त्यांनी आधीच सांगितलं. एसडीचं चित्र 720 बाय 576 म्हणजे चार लाखाच्या आसपास ठिपके, आणि फोरके पडद्यावर 83 लाखाच्या आसपास, मग एका ठिपक्यावर वीस ठिपक्यांची जागा भरायची तर टीव्ही तरी काय करणार. छोट्या डब्यावर तेच चॅनल बरं दिसायचं ते ह्याच्यामुळं. गावाकडं काकांकडं फ्री डिश हाय, तिथंबी मोठ्या टीव्हीवर असंच दिसतं, रिपेअर करण्यासारखं त्यात काही नाही.

अजून एक गोष्ट म्हणजे आमच्याकडं मधूनमधून चित्राचे चौकोन चौकोन होऊन आवाज तुटायचा, ती भानगड वेगळी निघाली. डिजिटलमध्ये सिग्नल कमी झाला की मुंग्या येत नाहीत, चित्र फुटतं नाहीतर अडकतं. गच्चीवर जाऊन छत्रीची पिन उघडली तर आत पाणी आणि तांब्याची तार पार हिरवी पडलेली. तेवढं टोक कापून नवीन कनेक्टर बसवला, वरून टेप गुंडाळली आणि वायरीला पिनच्या खाली एक वळसा दिला म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल. वानरांनी छत्री जराशी फिरवलेली ती पण सिग्नलचा आकडा बघत बघत सरळ केली. भर पावसात थोडा वेळ चित्र जातंच, त्याला इलाज नाही हेबी स्पष्ट बोलले.

केबल, कनेक्टर, मजुरी सगळं मिळून पाचशेच्या आत झालं. कमीपणा एकच, मामा फोन उचलत नाहीत आणि येतो म्हणलेल्या टायमाला येत नाहीत, आम्हाला दोनदा हेलपाटा पडला, म्हाताऱ्या माणसांना ते जमणार नाही, एखादा पोरगा हाताखाली ठेवायला पाहिजे त्यांनी. तुम्ही दुकानावरच जा, आणि जाताना सेटटॉप बॉक्सच्या मागच्या बाजूचा आणि टीव्हीवरच्या खराब चित्राचा असे दोन फोटो मोबाईलमध्ये काढून न्या, नुसत्या केबलचं काम असेल तर ते तिथंच सांगतात, घरी यायचे पैसेबी वाचतात.