दुष्काळी माळावर काय पाळावं: दख्खनी, माडग्याळ, नारी सुवर्ण की उस्मानाबादी?

माण, आटपाडी, जत, सांगोला, कवठेमहांकाळ. या पट्ट्यात वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही वेळेवर येईल याची खात्री नाही. इथला एखादा तरुण शेळ्या-मेंढ्या घ्यायचं मनावर घेतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा मोबाइलवर पाहिलेला उंचापुरा, पोपटाच्या चोचीसारख्या नाकाचा माडग्याळ मेंढा असतो. माझं म्हणणं असं की निवड जनावराच्या रूपापासून सुरू करू नये. आधी एवढंच ठरवा: तुमचं जनावर चाऱ्याकडे चालत जाणार, की चारा त्याच्यापर्यंत आणावा लागणार? त्यावर अर्धा निकाल लागतो. उरलेला अर्धा लागतो तो विकणाऱ्याकडे वहीत काही लिहिलेलं आहे का, यावर.

चार पर्याय धरले आहेत, तीन मेंढ्या आणि एक शेळी. चारही आपल्या देशातले. बोअर, डॉर्पर वगैरे परदेशी मंडळींना मुद्दाम बाहेर ठेवलंय. ज्यांच्याकडे बारमाही पाणी आणि गाठीला पैसा आहे त्यांनी तो विचार वेगळा करावा.

दख्खनीपासून सुरुवात करू, कारण बाकीच्या दोन मेंढ्यांची गोष्ट तिच्याशिवाय सांगता येत नाही. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा अशी पसरलेली ही जात. आपल्याकडे तिचे लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे प्रकार सांगितले जातात. मेंढी लहानखुरी, वजन तीस किलोच्या आगेमागे. एका वेताला एक कोकरू. लोकर जाड आणि भरड, गालिचा किंवा घोंगडी यापलीकडे तिचा उपयोग नाही. कागदावर मांडलं तर हिला कोणी घेणार नाही.

पण कागदावर न येणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे कळपासह फिरणारे तळ, कोकणाकडे किंवा बागायती भागाकडे निघतात. तेव्हा ही मेंढी रोज मैलोन्‌मैल चालते, वाटेत मिळेल ते खाते, रात्री वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, उघड्यावर बसते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू लागते. अंगावरची लोकर तेव्हा कामाला येते. शेतात मेंढ्या बसवल्या की शेतकरी धान्य किंवा पैसे देतो, म्हणजे लेंडी-मुताचीही कमाई. विकत घ्यायचा चारा जवळजवळ शून्य. मटणाच्या किलोंवर हिशेब करणाऱ्या तज्ज्ञाच्या तक्त्यात ही खतावणी येतच नाही, म्हणून दख्खनी नेहमी तळाला दिसते.

लोकरीचं मात्र खरंच अवघड झालंय. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त पडते, त्यामुळे बरेचदा ती कातरून तिथंच टाकून देतात. घोंगडी विणणाऱ्या सणगरांचे माग कमी झाले, जावळाची (कोकराच्या पहिल्या लोकरीची) घोंगडी शोधावी लागते. यावर पूर्वी उपाय शोधला गेला तो परदेशी रक्ताचा. मेरिनो, रॅम्बुलेसारखे नर आणून दख्खनीची लोकर मऊ करायचे प्रयोग राहुरीला आणि इतरत्र झाले. संकराची लोकर सुधारली, पण धनगराच्या वाड्यात ते जनावर रुजलं नाही. धनगराला लोकर नको होती, वजन हवं होतं, आणि चालणारे पाय हवे होते.

माडग्याळ

ते वजन त्याला घराजवळच सापडलं. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाच्या नावाची ही मेंढी पांढऱ्या अंगाची, तपकिरी ठिपक्यांची, लांब पायांची आणि बाकदार नाकाची. लोकर जवळपास नाही, म्हणजे कातरणीची कटकट संपली. कोकरू जन्मतःच मोठं आणि पहिल्या तीन महिन्यांत दख्खनीच्या कोकराला सहज मागे टाकतं. बकरी ईदच्या बाजारात उंची आणि नाक यांनाच पैसे मिळतात. २०२० च्या अखेरीला आटपाडीच्या बाजारातल्या एका माडग्याळ मेंढ्याला ७० लाखांची बोली आल्याची आणि मालकाने दीड कोटी सांगितल्याची बातमी देशभर फिरली. त्या बातमीने या जातीचं जेवढं भलं केलं तेवढंच नुकसानही. त्यानंतर 'माडग्याळ' म्हणून विकलं जाणारं प्रत्येक बाकदार नाक माडग्याळच असतं असं समजायचं कारण नाही.

तिला पोटाला जास्त लागतं. मोठं शरीर, दूधही त्या मानाने बरं, पण हे सगळं चाऱ्यातून येतं. जत भागातली घरं दहा-वीस मेंढ्या दारात ठेवून, मक्याची कणसं-भुसा, शेवरी, कडधान्याचा भुसकट घालून त्या वाढवतात. तेवढी सोय असेल तर चारातला सर्वांत नगदी पर्याय हाच. सोय नसताना फक्त नर विकून श्रीमंत व्हायच्या हिशेबाने कोणी घेत असेल तर मी त्याला अडवीन. नामांकित नराची किंमत ही हौसेची बाजारपेठ आहे. मटणाच्या भावाशी तिचा संबंध नाही, आणि हौस कधी ओसरेल ते सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती घेणाऱ्याच्या फायद्या-तोट्याची नाही पण सांगायला हवी. बरीच वर्षं माडग्याळला दख्खनीचाच एक प्रकार धरलं गेलं. त्यामुळे वाड्यावाड्यांत माडग्याळ नर सोडले गेले तेव्हा कोणाला त्यात संकर दिसला नाही. आज लोणंद किंवा संगमनेरी प्रकाराचा निर्भेळ कळप किती ठिकाणी उरला आहे हे नुसत्या नजरेने ठरवणं कठीण. कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही १९८४ साली सुरू झालेली संस्था एखाद्या जातीची नोंद करते तेव्हा मूळ प्रदेश, संख्या, उंची-लांबी-छातीचा घेर, वजनं, वेतांतलं अंतर, शिवाय डीएनएची तपासणी अशी सगळी माहिती मागते. हे वर्णन वेळेत झालं की जात वेगळी दिसते. उशिरा झालं की जे मिसळून उरलं असेल त्याचंच वर्णन होतं.

नारी सुवर्ण

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं हाच प्रश्न उलट्या टोकाकडून घेतला. मेंढीचं शरीर मोठं करण्याऐवजी कोकरांची संख्या वाढवायची. त्यासाठी लागणारा जनुक मिळाला सुंदरबनातल्या गरोळे मेंढीत. ही मेंढी इतकी लहान की मोठी झाली तरी वजन पंधरा किलोच्या आतच, पण जुळी-तिळी सर्रास. तिच्यातला फेक-बी हा जनुक आणि ऑस्ट्रेलियातल्या बूरूला मेरिनोमधला जनुक एकच. अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालातून गेलेल्या मेंढ्यांबरोबर तो तिकडे पोचला असं मानलं जातं. २००१ साली त्याचं नेमकं उत्परिवर्तन सापडलं आणि रक्ताच्या थेंबावरून तो ओळखता येऊ लागला. डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनी, कर्नाटकातली बन्नूर आणि गरोळे यांच्या मिश्रणातून, दरवेळी जनुक तपासत, अंगाने दख्खनीसारखी पण जुळी देणारी मेंढी तयार केली, तीच नारी सुवर्ण.

घेणाऱ्यासाठी यातली महत्त्वाची गोष्ट अशी. जनुकाच्या दोन प्रती असलेला नर घेतलात तर त्याच्या प्रत्येक मुलीत एक प्रत येणारच, आणि जुळ्यांसाठी एक प्रत पुरते. एकच प्रत असलेला नर घेतलात तर निम्म्या मुली नुसत्याच दख्खनी. दोन्ही नर दिसायला सारखे! म्हणून हा नर प्रमाणपत्राशिवाय घेऊ नये, आणि 'त्याची आई जुळी द्यायची' हे प्रमाणपत्र नव्हे.

जुळ्यांचा अर्थ दुप्पट पैसा असा मात्र होत नाही. जुळी कोकरं जन्माला हलकी असतात, दख्खनी आईचं दूध मुळात बेताचं, आणि वाडा चालता असेल तर दोन कोकरं सांभाळत निघणं म्हणजे घरातल्या बाईच्या कामात भर. विण्याच्या आधी महिनाभर आणि नंतर दीड-दोन महिने मेंढीला मूठभर जास्तीचं खाद्य देता येत असेल, कोकरांना पाजायला कळपात दोन-चार शेळ्या असतील, तर एका मेंढीमागे विकायला जाणारं एकूण वजन वाढतं. धनगर पूर्वीपासून कळपात शेळ्या ठेवतात ते त्याचसाठी. भर उन्हाळ्यात विणाऱ्या, पेंडीचा कणही न मिळणाऱ्या कळपात हा जनुक घालू नका.

उस्मानाबादी शेळी

धाराशिव, तुळजापूर, लातूर, उदगीर हा तिचा मूळ मुलूख. बहुतेक काळी, काटक, दोन वर्षांत तीन वेतं देऊ शकणारी, आणि जुळी इथं सवयीचीच. जनावर पाळायला शिकायचं असेल तर हीच. शेळी झाडपाला ओरबाडते, त्यामुळे बांधावर शेवरी, हदगा, सुबाभूळ लावून दोन एकरांवरही पंधरा-वीस सांभाळता येतात. अर्धा दिवस चराई, अर्धा दिवस गोठा, हे तिला मानवतं. पूर्ण बंदिस्त केली की खर्च चढतो. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात शेळ्या १ कोटी ६ लाखांच्या घरात आणि मेंढ्या २७ लाखांच्या आसपास निघाल्या. भूमिहीन बाई दोन शेळ्या पाळू शकते, मेंढ्या नाही पाळू शकत, हे त्या आकड्यांमागचं कारण.

जतन करायच्या दृष्टीनंही शेळी सोपी. गोठवलेल्या रेताने (वीर्याने) शेळी गाभण राहते. मेंढीच्या गर्भाशयाचं मुख इतकं वळणावळणाचं की गोठवलेलं रेत साध्या पद्धतीनं तिथं नीट पोचत नाही. नळकांड्यात रेत साठवून दख्खनी वाचवू असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. मेंढीला जिवंत नर लागतो, नराला कळप लागतो आणि कळपाला चरायला माळ. तो माळ आज वनखातं, वेडी बाभूळ आणि सौरऊर्जेचे प्रकल्प यांच्यात वाटला जातोय.

तर कुणी काय घ्यावं? घरात चालता वाडा असेल तर दख्खनी सोडू नका. विण्याच्या वेळी खाद्य देण्याची ऐपत असेल तेव्हा नारी सुवर्णचा एक तपासलेला दोन-प्रतींचा नर आणून पहा. विहिरीला उन्हाळ्यापर्यंत पाणी आणि दारात माणूस असेल तर माडग्याळ, पण माद्या आधी, नर नंतर. पहिल्यांदाच जनावर पाळत असाल तर उस्मानाबादी, दहाच्या आत.

अनुदानाचं गणित या निवडीत शेवटी आणा. भटक्या जमाती-क (धनगर) प्रवर्गातल्यांसाठी राज्याच्या महामेष योजनेत २० मेंढ्या आणि १ नर ७५ टक्के अनुदानावर मिळतात, हा आकार सांभाळता येण्याजोगा आहे. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या व ५ नरांपासून पुढे ५०० आणि २५ पर्यंत गट आहेत आणि निम्मं अनुदान आहे. अनुभव नसताना शंभर शेळ्यांवर हात घालणं मला तरी धोक्याचं वाटतं. पीपीआर किंवा आंत्रविषार या जीवघेण्या रोगांची एक लस चुकली तर काय होतं ते कोणत्याही पशुवैद्याला विचारा.

खरेदी शक्यतो बाजारातून करू नका. बाजारात आई दिसत नाही, आणि नुकतंच भरपेट पाणी पाजलेलं जनावर वजनाला फसवतं. कळपात जा, सकाळी चरायला सोडायच्या आधी. आई, तिचं आधीचं कोकरू आणि शक्य झालं तर नर, तिघं एकत्र पहा. सोबत ताणकाटा आणि शिंप्याची टेप असू द्या. मालकाकडे जन्मतारीख आणि आईचा बिल्ला क्रमांक लिहिलेली वही असेल तर त्याने सांगितलेल्या भावात फार घासाघीस करू नका, कारण तुमच्याकडची पहिली नोंद त्याच वहीतून उतरवून घ्यायची आहे.