रान राखावं, बाग लावावी की तोड द्यावी? कोकणातल्या थोड्या जमिनीसाठी असलेल्या वाटांची तुलना

शिमग्याला गावी आलेल्या चाकरमान्यासमोर हल्ली एक प्रश्न हमखास उभा राहतो. वडील गेले, सातबाऱ्यावर नाव लागलं, सोबत चार-पाच सहहिस्सेदार. मळ्यात पाऊण-एक एकर भात, घरामागे वरकस (उताराची हलकी जमीन), त्याच्या वर दोन-तीन एकर रान आणि सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट खडकाळ पठारावर, थोडा कातळ. जळाऊ लाकडाचा व्यापारी दोनदा येऊन गेलेला असतो. शेजारी काजू लावायला सांगतो, मुंबईतला मित्र होमस्टे काढायला सांगतो. कुठूनतरी कानावर येतं की जंगल राखायचेही पैसे मिळतात.

माझं मत आधीच सांगतो. एवढीशी जमीन असली तरी तिला एकच योजना लावू नका. मळा, वरकस, रान आणि सडा यांचा स्वभाव वेगळा आहे आणि प्रत्येकासाठी वेगळी वाट आहे. दुसरं म्हणजे प्रत्येक वाटेची रक्कम पाहण्याआधी तीन गोष्टी विचारा. पैसे कशाचे मिळतात, लावण्याचे की राखण्याचे? सह्या कुणाकुणाच्या लागतात? आणि पुढे मन बदललं तर मागे फिरता येतं का?

रान: इथे चूक झाली तर भरून निघत नाही

आमच्या वाडीच्या वरचं एक रान मी लहान असताना तोडलं गेलं. घराचं छप्पर बदलायचं होतं, दुसरा पैसा नव्हता, त्यामुळे तोड देणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण त्याखालचा पऱ्या, म्हणजे ओढा, पूर्वी होळीनंतरही वाहायचा, तो पुढे आधीच आटू लागला. ऐन, किंजळ फुटवे धरतात, पंधरा-वीस वर्षांत रान पुन्हा हिरवं दिसतं. ढोली असलेला जुना बेहडा मात्र तेवढ्या काळात होत नाही. धनेश पक्ष्याची मादी अशाच ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर बाहेरून तिला फळं भरवतो. असं झाड गेलं की ती जोडी त्या रानातून गेलीच.

तोडीचा फायदा उघड आहे. रक्कम एकदम आणि लगेच हातात येते. पण ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, हिरडा ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत, त्यांना परवानगी लागते. व्यापारी ‘कागद आम्ही बघतो’ म्हणाला तरी मालक म्हणून जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते.

याच्या समोर ठेवण्यासारखी वाट म्हणजे संवर्धन करार. पुण्यात १९९४ साली सुरू झालेली अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था संगमेश्वर-देवरुख भागात देवरहाट्या (देवराया) आणि खाजगी रानं राखण्याचं काम करते. कल्पना साधी आहे. ठराविक वर्षं तोड करायची नाही, त्याच्या बदल्यात मालकाला मोबदला किंवा गावाला हवी असलेली एखादी सोय. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते की हा तुमच्यातला आणि संस्थेतला करार असतो. जमिनीची मालकी बदलत नाही आणि मुदत संपल्यावर तुम्ही मोकळे.

याच संस्थेच्या प्रयत्नांतून हिरडा आणि बेहडा यांच्या फळांना फेअरवाइल्ड हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. भीमाशंकरकडे हिरडा गोळा करणारे महादेव कोळी बांधव आणि इकडे बेहड्याचे मालक यांची फळं इंग्लंडच्या पुक्का हर्ब्ज या कंपनीपर्यंत गेली. प्रमाणपत्राची अट अशी की फळं ओरबाडायची नाहीत, पक्ष्यांसाठी काही ठेवायची. म्हणजे ज्या झाडाची किंमत एरवी लाकडाच्या वजनावर ठरते, ते उभं राहून दरवर्षी काहीतरी देतं.

उणीव स्पष्ट आहे. करारातून येणारी रक्कम तोडीच्या रकमेइतकी एकगठ्ठा नसते. संस्था प्रत्येक गावात पोचत नाही आणि तिचा निधी बाहेरून येतो, त्यामुळे मुदत वाढेलच याची हमी नाही. तुमचं रान त्यांच्या कामाच्या भागात नसेल तर ही वाट आज तुमच्यासाठी उघडी नाही, हे आधीच विचारून घ्या.

सरकारी बाजूला दोन पर्याय ऐकू येतात. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ आलं. खाजगी जमीनही मालकाच्या इच्छेने त्यात जाहीर होऊ शकते. पण एकदा अधिसूचना निघाली की जमिनीचा वापर बदलायला व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी लागते. दोन-तीन एकरांच्या मालकाने यात उडी घेण्याआधी दहादा विचार करावा. दहा-वीस मालकांचं सलग रान असेल आणि सगळ्यांचं मन पक्कं असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरा पर्याय जैवविविधता वारसा स्थळाचा, जैविक विविधता कायदा २००२ च्या कलम ३७ खालचा. सिंधुदुर्गात दोडामार्गजवळ बांबर्डे इथली रानटी जायफळाची दलदल आणि आंबोलीचं हिरण्यकेशीचं उगमस्थान अशी स्थळं झाली आहेत. दोन्ही तीन हेक्टरांच्या आतली आहेत, म्हणजे लहान जागेलाही हा मान मिळतो. लोकांच्या रूढ वापरावर त्यांच्या मर्जीविरुद्ध बंधनं घालायची नाहीत, असा या तरतुदीमागचा विचार आहे. मात्र तिथे काहीतरी खास असावं लागतं आणि ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती जागी असावी लागते. हा मानाचा आणि संरक्षणाचा मार्ग आहे. घरात नियमित पैसा येईल ही अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका.

रानाबद्दल कोकणात एक जुनी भीती आहे: राखलं तर सरकार घेईल. तिला कारण आहे. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने त्या वर्षीच्या ३० ऑगस्टपासून खाजगी वनं सरकारजमा झाली आणि अनेकांच्या सातबाऱ्यावर तशी नोंद बसली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्याआधीच्या १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली जमीन वन ठरवायला नुसती नोटीस काढून भागत नाही, ती मालकाला बजावलेली असली पाहिजे. तेव्हा कुठलाही निर्णय घेण्याआधी सातबारा आणि जुने फेरफार काढून ‘इतर हक्क’ रकाना नीट वाचा. नोंद असेल तर आधी जाणत्या वकिलाकडे जा. मग करार, बाग किंवा तोड, जे काही असेल ते.

वरकस: बाग लावायला हरकत नाही, पण कुठे?

राज्याची भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना २०१८ पासून आहे. कोकणात अगदी दहा गुंठ्यांपासून दहा हेक्टरांपर्यंत लाभ घेता येतो. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशा हप्त्यांनी येतं आणि पुढचे हप्ते झाडं जगली तरच मिळतात. आंबा, काजू, फणस, कोकम, सगळं बसतं. उघड्या, गवताळ वरकस जमिनीसाठी हा पर्याय मला संवर्धन करारापेक्षा सरस वाटतो, कारण तिथे राखण्यासारखं रान उरलेलंच नसतं आणि घरात उत्पन्न यायला हवं.

घोळ होतो तो इथे: योजना लावण्याचे पैसे देते, म्हणून माणसं उभं रान साफ करून कलमं लावतात. रान गेलं, पऱ्याचं पाणी गेलं आणि मग त्याच कलमांना उन्हाळ्यात टँकरने पाणी. वरकस मोकळं आहे का? लावा. रान तोडून लावणार असाल तर ते अनुदान तुम्हाला फार महागात पडेल. आणि लावायचंच तर सगळा काजू नको. कोकम, फणस, जांभूळ, वाडीत आधीपासून असलेला बेहडा मधूनमधून राहू द्या.

सड्याबद्दल मला जास्त कळकळ आहे, कारण त्याला ‘पडीक’ म्हणतात. पावसाळ्यात त्या कातळावर जे फुलतं, डबक्यांत जे बेडूक बोलतात, ते अन्यत्र सापडत नाही. याच कातळावर आपली कातळशिल्पं आहेत. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे इथली शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. सुरुंग लावून खड्डे मारायचे, बाहेरची माती भरायची आणि कलम लावायचं, हा खर्चही मोठा आणि नुकसान कायमचं. सड्यासाठी आज थेट पैसे देणारी वाट जवळजवळ नाही, हे खरं. तरीही तो तुकडा तसाच ठेवा. तिथे काही न करण्याला तुमचा खर्च शून्य आहे.

मळा: भाताच्या दोन वाटा, आणि त्या एकत्र नांदत नाहीत

शेत आणि रान यांचा धागा राबातून, म्हणजे रोपांची जागा भाजण्यातून, जातो. तरव्याची (भाताच्या रोपांची) जागा भाजायला कवळ (पालेदार फांद्या) लागतो आणि तो ऐन-किंजळीच्या फांद्या छाटून येतो. म्हणून भात कसा करता यावर रानाचं आरोग्यही ठरतं.

पहिली वाट नैसर्गिक शेतीची. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान मंजूर केलं. ५० हेक्टरांचा गट, त्यात सुमारे १२५ शेतकरी, आणि प्रत्येकाला एका एकरापर्यंत वर्षाला ४,००० रुपये, दोन वर्षं. म्हणजे जास्तीत जास्त ८,०००. एवढ्यात गाय वर्षभर सांभाळून होत नाही, आणि जीवामृत-बीजामृत या शेण-गोमूत्राच्या मिश्रणांसाठी गाय तर हवीच. ज्यांच्या गोठ्यात कोकण कपिला ही इथली गाय अजून आहे, शेजाऱ्यांचा गट जमतो आणि घरात रोज काम करणारं माणूस आहे, त्यांनी ही वाट घ्यावी. जे वर्षातून दोनदा गावी येतात त्यांच्याकडून ती निभणार नाही. परंपरागत कृषी विकास योजना २०१५ पासून आहे, तीही गटाचीच. तिच्यात सेंद्रिय प्रमाणपत्राची सोय आहे, त्यामुळे तांदूळ थेट मुंबईच्या गिऱ्हाईकाला विकायचा असेल तर तिची चौकशी जरूर करा.

दुसरी वाट सगुणा राइस तंत्राची. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी ही पद्धत बसवली. गादीवाफे एकदाच करायचे, साच्याने भात टोकायचं. नांगरणी नाही, चिखलणी नाही, तरवा नाही, लावणी नाही. तरवा नाही म्हणजे राब नाही आणि कवळतोडही नाही. जुन्या पिकाच्या मुळ्या जमिनीतच राहतात आणि माती सुधारते. लावणीला माणसं मिळत नाहीत अशा घरांसाठी हा फार मोठा दिलासा आहे. पण मूळ पद्धतीत तणनाशक आहे, ग्लायफोसेटसुद्धा. म्हणून ही पद्धत जशीच्या तशी घेऊन नैसर्गिक शेतीच्या गटात नाव घालता येत नाही. शेताला लागून पऱ्या किंवा विहीर असेल तर मी फवारणीबाबत फार जपून राहीन. रानाला वाचवणारी पद्धत पाण्याला जड होऊ शकते, हा पेच खरा आहे आणि तो प्रत्येकाने आपल्या शेताच्या उतारावर उभं राहून सोडवायचा आहे. मी स्वतः पाण्यापासून लांबच्या कोपऱ्यांत सगुणा पद्धत आणि पऱ्याकाठच्या कोपऱ्यात हाताने बेणणी (तण काढणं), असं करेन.

खाडीकाठ आणि पाहुणे

जमीन खाडीला लागून असेल तर राज्य वन विभागाच्या कांदळवन (खारफुटी) कक्षाची २०१७ ची कांदळवन संवर्धन व उपजीविका योजना पाहा. खेकडापालन, कालवं, शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन असे उद्योग त्यात आहेत. गटाला ९० टक्क्यांपर्यंत आणि वैयक्तिक प्रकल्पाला ७५ टक्क्यांपर्यंत साहाय्य आहे. वरच्या सगळ्या योजनांत राखण्याला आणि कमाईला इतकं जवळ आणणारी दुसरी मला दिसत नाही, फक्त गटात मेळ हवा. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बायकांच्या बचत गटाने होडीतून कांदळवन सफर चालवून दाखवली आहे.

कृषी पर्यटनाचं राज्याचं धोरण २०२० चं. एक एकर शेती असली तरी नोंदणीची वाट खुली होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाने समुद्री कासवांच्या निमित्ताने घराघरात पाहुणे आणले, पण त्यामागे सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेचं २००२ पासूनचं काम होतं. आधी कासवं राखली गेली, पाहुणे नंतर आले. तुमच्या घरी कायम राहणारं माणूस नसेल तर हा पर्याय सध्या बाजूला ठेवा.

तुमच्या जागी मी असतो तर

पैशाची नड आजच असेल, दवाखाना किंवा लग्न, तर सगळं रान देऊ नका. वरकसावरचा तोडण्याजोगा भाग परवानगी घेऊन द्या. ढोलीची झाडं, पऱ्याच्या दोन्ही बाजू आणि डोंगराचा चढ वगळल्याचं लिहून घ्या. नड नसेल तर आधी संवर्धन कराराची चौकशी, मोकळ्या वरकसावर फळबाग आणि भातासाठी घरात किती माणसं आहेत त्याप्रमाणे वरच्यातली एक पद्धत. सहहिस्सेदारांची संमती मात्र सगळ्यात आधी घ्या. सातबारा सामायिक असताना एकाने सही केली आणि दुसरा भांडायला उभा राहिला, अशी प्रकरणं मी पाहिली आहेत. तिथे बाग, रान आणि नातं, तिन्ही गेलं.

यंदा मे महिन्यात गावी याल तेव्हा घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला सोबत घेऊन पऱ्याच्या उगमापर्यंत चालत जा. वाटेत जी झाडं दोन माणसांच्या कवेत मावत नाहीत त्यांची नावं, जागा आणि घेर वहीत लिहा, ढोली असलेल्यांपुढे खूण करा. पुढे संस्थेशी बोलायचं असो, कृषी सहायकाशी की व्यापाऱ्याशी, बोलण्याआधी ती वही पुढ्यात ठेवा.